हिरव्या जाळीच्या आत: नाशिकच्या सुपरक्रॉसचे चार दिवस

गुरुवार

नाशिकला पक्कं रेसिंग सर्किट नाही. डांबरावरची रेस बघायची तर चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टै, कोइंबतूरचं करी किंवा ग्रेटर नोएडाचं बुद्ध गाठावं लागतं. नाशिकचा खेळ मातीवरचा: सुपरक्रॉस (मातीच्या उड्या रचलेल्या ट्रॅकवरची मोटरसायकलची रेस), डर्ट ट्रॅक आणि शहराबाहेरच्या रस्त्यांवरची रॅली. पॅडॉकला, म्हणजे टीम आणि गाड्यांच्या तळाला, इथे पक्क्या गॅरेजची रांग नसते. मंडपवाल्याचे बांबू, ताडपत्री, जनरेटर आणि मैदानाभोवती ताणलेली हिरवी जाळी, एवढ्यात सगळं बसतं. जाळी उचलून आत शिरणं कोणालाही जमतं, पण आत गेल्यावर चार दिवस कोणी बाहेर काढू नये यासाठी तयारी लागते.

तयारी सुरू होते ती एका कागदापासून. राष्ट्रीय दर्जाच्या कुठल्याही रेसला एफएमएससीआयची, म्हणजे देशाच्या मोटरस्पोर्ट महासंघाची, परवानगी लागते आणि प्रत्येक रेसचे स्वतंत्र नियम निघतात. त्यांना सप्लिमेंटरी रेग्युलेशन्स किंवा नुसतं ‘एसआर’ म्हणतात. बरेच प्रेक्षक हा कागद कधी उघडतही नाहीत. त्यात क्लार्क ऑफ द कोर्स (रेस चालवणारा मुख्य अधिकारी) कोण, स्क्रुटिनी (गाडी आणि सामानाची तपासणी) किती वाजता, रायडर्स ब्रीफिंग कुठे, निकालावर आक्षेप किती वेळात घ्यायचा, हे सगळं छापलेलं असतं. कोणाला कधी विचारायचं ते यावरून कळतं. पासासाठी फोन करायचा तो आयोजकाच्या मोठ्या साहेबांना नाही, चीफ मार्शलला, म्हणजे ट्रॅकवर निशाणं धरणाऱ्या मार्शलांच्या प्रमुखाला. त्याला माणसं कमीच पडत असतात.

आत जायच्या वाटा मोजक्या आहेत. पत्रकाराच्या पासासाठी संपादकाचं लेटरहेडवरचं पत्र, आधी छापून आलेलं काम आणि ओळखपत्र किमान दोन आठवडे आधी पाठवावं. रेसच्या सकाळी गेटवर कॅमेरा दाखवून पास मिळत नाही. टीमचा पास रायडरच्या नावावर निघतो आणि मोजकाच असतो, त्यामुळे तो मेकॅनिक आणि घरच्यांमध्ये संपतो. उरतात मार्शल आणि लॅप स्कोअरर (प्रत्येक फेरीला गाड्यांचे नंबर टिपणारे). या दोन्ही कामांना पैसे नाममात्र किंवा तेही नाहीत, पण यांच्याइतकं जवळून कोणालाच दिसत नाही. व्हीआयपी पासाचं म्हणाल, तर त्यात सोफा आणि चहा मिळतो. रेस तिथून लांबच.

सप्टेंबर २०२३ मध्ये बुद्धवर मोटोजीपी झाली, त्या दर्जाच्या रेसला पॅडॉकची सैर महागड्या पॅकेजमधून विकली जाते. जिल्ह्याच्या ठिकाणच्या सुपरक्रॉसला तसलं काही विकायला नसतं, हे एका अर्थी बरंच.

मुंबईहून येणाऱ्याला कसारा घाटातून महामार्ग किंवा सकाळची तपोवन एक्स्प्रेस. पुण्याहून नारायणगाव, संगमनेर, सिन्नर. रेल्वेने आलात तर नाशिक रोड स्टेशन मूळ शहरापासून आठ-नऊ किलोमीटर आहे हे लक्षात ठेवून मुक्कामाची जागा निवडा. मैदानाशी जवळीक महत्त्वाची, कारण पुढचे तीन दिवस पहाटे निघायचंय.

गुरुवारी दुपारी मैदानावर गाडी दिसत नाही, दिसतात डंपर आणि जेसीबी. हा भाग चुकवू नये. ट्रॅक सपाट जमिनीवर उभा करतात आणि हिशेब सगळा ब्रासमध्ये चालतो. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर. सहा मीटर रुंद आणि १.८ मीटर उंच टेबलटॉप घ्या: चढ पाच मीटर, सपाट माथा सहा मीटर, उतार सहा मीटर. आडव्या छेदाचं क्षेत्रफळ २०.७ चौरस मीटर येतं, म्हणजे दबलेली माती सुमारे १२४ घनमीटर, साधारण ४४ ब्रास. सैल माती दाबल्यावर बसते, म्हणून पाचवा हिस्सा जादा धरून ५३ ब्रास मागवावी लागते. तीन ब्रासच्या डंपरच्या या अठरा खेपा, त्याही एका उडीसाठी.

माती कुठली, यावर रविवारची रेस ठरते. नाशिक भागातली काळी माती वाळली की तडकते आणि भिजली की चाकाला, साखळीला, रेडिएटरला चिकटून बसते. नुसता मुरूम टाकला तर वरचा थर गोट्यांसारखा सुटतो आणि वळणावर पुढचं चाक निसटतं. म्हणून पोटात काळी किंवा भराव्याची माती आणि वर बारीक मुरमाचा थर देऊन रोलर फिरवतात. चढाचा शेवटचा अर्धा मीटर जेसीबीच्या बकेटच्या पाठीने थापून काढणारा ऑपरेटर हा इथला खरा कारागीर. तिथे दोन बोटांचा उंचवटा राहिला तर उडताना गाडीचं मागचं चाक वर फेकलं जातं आणि रायडर हँडलवरून पुढे जातो.

शुक्रवार

सकाळी नावनोंदणीचं टेबल लागतं. रायडरकडून स्पर्धेचं लायसन्स, ओळखपत्र, वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला, रक्तगट आणि अठराच्या आतला असेल तर पालकांची संमती घेतात. मार्शल आणि पत्रकारांनाही एका कागदावर सही करावी लागते: इजा झाल्यास जबाबदारी स्वतःची. तो वाचून सही करा. मग अनामत ठेवून नंबर असलेलं जॅकेट मिळतं. पावती जपून ठेवा, रविवारी लागते.

दुपारी स्क्रुटिनी. पॅडॉकमधला सगळ्यात शिकवणारा तास हाच, आणि इथे गर्दीही नसते. रांगेच्या बाजूला, टेबलापासून दोन हात लांब उभं राहिलं तर कोणी हटकत नाही. स्क्रुटिनिअर आधी माणसाचं सामान बघतो. हेल्मेटच्या आतलं स्टिकर, कवचावर तडा आहे का, पट्ट्याचं बक्कल. मग छाती-पाठीचं कवच, गुडघे, कोपर, बूट, हातमोजे, गॉगल. हेल्मेट एकदा जोरात आपटलं असेल तर आतला थर्माकोल दबलेला असतो आणि बाहेरून काही कळत नाही. अंगठ्याने आत दाबून बघणारा स्क्रुटिनिअर दिसला तर समजा, माणूस जाणकार आहे.

मग गाडी. आरसे, दिवे, साइड स्टँड, नंबरप्लेट, पिलियनचे फूटरेस्ट काढलेले हवेत. लिव्हरच्या टोकाला गोळा हवा, तुटकं टोक पोटात घुसतं. हँडलची टोकं बंद आणि मधल्या दांड्यावर फोमचं पॅड. ॲक्सिलरेटर सोडला की आपोआप मिटला पाहिजे, आणि तो हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून तपासतात, कारण केबल आखूड बसवली असेल तर एकाच बाजूला वळवल्यावर ओढली जाते. किल स्विच (इंजिन बंद करायचं बटण) चालू इंजिनावर दाबून बघतात. फूटरेस्ट वर दुमडून परत यायला हवेत. ड्रेन प्लगला वायर बांधलेली असावी. पुढच्या स्प्रॉकेटवर कव्हर हवं.

लोकल क्लासमध्ये सगळ्यात जास्त गाड्या परततात त्या केबल आणि फूटरेस्टवरून. फूटरेस्टचा ब्रॅकेट उड्यांनी तडकतो आणि घाईत वेल्डिंग केलं की वेल्डच्या शेजारीच पुन्हा तुटतो, कारण तिथलं लोखंड तापून ठिसूळ झालेलं असतं. नाशिकची एक सोय मोठी आहे. अंबड आणि सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत लेथ, मिलिंग, टिग वेल्डिंग करणारी छोटी वर्कशॉप शेकड्यांनी आहेत. आतून पट्टी देऊन ब्रॅकेट तासाभरात उभा करतात. मात्र त्या भागाचा सुट्टीचा वार आणि दुकानदाराचा फोन आधीच घेऊन ठेवावा. बाहेरगावच्या टीमला स्क्रुटिनीत नापास झाल्यावर हे सुचतं, तोवर शटर खाली आलेलं असतं.

संध्याकाळी ट्रॅक वॉक. रायडर पायी फिरतात, उड्यांच्या माथ्यावर उभं राहून पलीकडे बघतात, वळणावर टाच रोवून माती चाचपतात. पत्रकारांना यात बहुधा सोडतात. मागून चला, मधे थांबून कोणाला बाइट मागू नका. कुठला रायडर कुठे दोनदा मागे जाऊन बघतो ते टिपलं की रविवारी कॅमेरा कुठे लावायचा हे आपोआप कळतं.

ड्रोन आणला असेल तर इथेच पिशवीत ठेवा. नाशिकच्या एका अंगाला देवळालीचं तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र, दुसऱ्या अंगाला ओझरचा विमानतळ, मधे गांधीनगरला लष्कराच्या हेलिकॉप्टरचं प्रशिक्षण. ड्रोनसाठीच्या सरकारी ‘डिजिटल स्काय’ नकाशावर हिरवा, म्हणजे मोकळा भाग कुठे उरतो ते बघा आणि आयोजकाचं लेखी पत्र व पोलिसांची परवानगी असेल तरच पुढचा विचार करा. ‘दोन मिनिटंच उडवतो दादा’ हे वाक्य इथे चालत नाही.

शनिवार

पहाटे चारला टँकर मैदानावर येतो. दहा हजार लिटरचा एक टँकर पुरत नाही. पाणी रेसच्या आधी मारायचं नसतं, आदल्या रात्री आणि पहाटे मारायचं असतं. ते खोल मुरलं तर दुपारपर्यंत धूळ दबून राहते. उन्हात वरवर शिंपडलेलं पाणी दहा मिनिटांत निसरडा पापुद्रा करतं आणि पहिल्या दोन लॅपमध्ये चार जण पडतात. टँकरवाले मामा आणि क्लार्क ऑफ द कोर्स यांच्यात सकाळी जे काही बोलणं चालतं, त्यावर दिवसभराच्या पडझडीचा अंदाज बांधता येतो.

साडेसहाला मार्शलची हजेरी. कपडे पूर्ण बाह्यांचे, सुती, बूट बंद. लाल आणि पिवळा रंग टाळायचा, कारण तेच निशाणांचे रंग आहेत आणि चाळीस मीटरवरून येणाऱ्या रायडरला तुमचा पिवळा टी-शर्ट निशाण वाटू शकतो. हातमोजे, शिट्टी, टोपी, साधा पारदर्शक चष्मा (चाकांनी उडवलेले मुरमाचे खडे थेट डोळ्यावर येतात), दोन लिटर पाणी. सावलीची आशा धरू नका.

ब्रीफिंगमध्ये निशाणं शिकवतात. स्थिर पिवळं म्हणजे पुढे धोका, सावकाश. हलतं पिवळं म्हणजे धोका समोरच: ओव्हरटेक नाही, उडी नाही. पांढऱ्यावर लाल क्रॉस म्हणजे वैद्यकीय माणसं ट्रॅकवर. प्रत्येक उडी चाकं जमिनीवर ठेवून पार करायची. निळं मागून येणाऱ्याला वाट देण्यासाठी, काळं नंबरासकट दाखवलं तर त्या रायडरने थांबायचं, लाल सगळ्यांसाठी. लाल निशाण कधी दाखवायचं याचा निर्णय क्लार्क ऑफ द कोर्सचा. मार्शलने मनाने लाल काढायचं नाही.

प्रत्येक पोस्टवर दोघं लागतात, यात तडजोड नाही. एक जण येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून निशाण धरतो, दुसरा पडलेल्याकडे जातो. दोघंही पडलेल्याकडे धावले की पुढच्या उडीवरून येणारी गाडी थेट त्यांच्यावर उतरते. नवख्या मार्शलांचा सगळ्यात धोकादायक घोळ हाच. गाडीजवळ पोचल्यावर आधी किल स्विच, मग गाडी रेसच्या दिशेनेच कडेला ढकलायची, सायलेन्सरला हात लावायचा नाही. रायडर स्वतः उठत नसेल तर त्याला उठवायचं नाही, हेल्मेट काढायचं नाही. दोन्ही हात डोक्यावर एकमेकांवर आडवे धरून डॉक्टरांना बोलवायचं. एरवी ट्रॅकवर रायडरला बाहेरच्या कोणी मदत केली तर तो बाद होतो. सुरक्षेसाठी गाडी हलवणारा मार्शल तेवढा याला अपवाद.

मधेच रेस थांबते आणि प्रेक्षक शिट्ट्या मारतात. बहुतेक वेळा कारण अँब्युलन्स असतं. एक अँब्युलन्स जखमीला घेऊन रुग्णालयात गेली आणि पर्यायी हजर नसेल तर पुढची हीट (फायनलआधीची फेरी) सुटत नाही. आयोजकाला शिव्या घालण्याआधी मैदानाच्या कोपऱ्यात किती अँब्युलन्स उभ्या आहेत तेवढं मोजावं.

सरावाच्या दोन सत्रांमध्ये पॅडॉकमध्ये अर्धा-पाऊण तास मिळतो. बघण्यासारखं सगळं तेव्हाच घडतं. गाडी आली की स्टँडवर चढते, खाली तेल शोषणारी मॅट असते. एफआयएम या मोटरसायकल रेसिंगच्या जागतिक महासंघाच्या पर्यावरण नियमांत तिचं माप १६० बाय १०० सेंटिमीटर आणि शोषणक्षमता किमान एक लिटर सांगितली आहे. लोकल क्लासच्या तंबूत तिच्या जागी घोंगडी दिसेल. मॅटवर पाय ठेवायचा नाही, तिथे नट-वॉशर उतरवलेले असतात.

मेकॅनिकचा हात सगळ्यात आधी एअर फिल्टरला जातो. फोमचा फिल्टर धुळीने भरला की इंजिनाला हवा कमी पडते, आणि धूळ आत गेली की पिस्टन रिंग घासून निघतात. शहाणी टीम चार-पाच फिल्टर आदल्या रात्रीच धुऊन, वाळवून, फिल्टर ऑइल लावून पिशव्यांत भरून आणते. मैदानावर फक्त बदलते. तिथेच रॉकेलमध्ये धुऊन ओलाच बसवणाऱ्यांची गाडी दुपारी ओढत नाही. मग टायर: मोटोक्रॉस गाडीला १२ ते १४ पीएसआय. भारतीय बनावटीच्या जड गाडीला थोडी जास्त हवा ठेवतात, कारण कमी हवेत उडीवरून उतरताना ट्यूब रिम आणि टायरच्या मधे चिमटून फाटते. रिम लॉक (टायर रिमला घट्ट धरून ठेवणारा भाग) नसेल तर टायर रिमवर फिरतो आणि व्हॉल्व्ह उपटला जातो. स्पोक एकेक वाजवून बघतात; बद्द आवाज आला तो ढिला.

टू-स्ट्रोकवाल्यांची गंमत वेगळीच. यामाहाची जुनी आरएक्स १०० अजूनही लोकल क्लासचा जीव आहे. मुंबईच्या पातळीवर जेट (कार्बोरेटरमध्ये पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा भाग) लावून आणलेली गाडी नाशिकला सकाळी झकास चालते आणि दुपारी फडफडते, आणि दोष कार्बोरेटरला दिला जातो. नाशिक सुमारे ६०० मीटर उंचावर आहे, त्यामुळे हवा सहा-एक टक्के विरळ. पण थंडीत पहाटे पारा दहाच्या आसपास असतो, गार हवा दाट असते, आणि दोन्ही परिणाम एकमेकांना खाऊन टाकतात. दुपारी हवा तापली की फक्त उंची उरते. इंजिनाला पेट्रोल जास्त होतं. मग मेन जेट एक नंबर खाली. नंतर प्लग काढून बघायचा: चॉकलेटी रंग ठीक, काळा ओलसर असेल तर अजून पेट्रोल जास्त, पांढुरका असेल तर थांबा, पिस्टन वितळेल. ऑइल ४०:१ घालायचं तर पाच लिटरला १२५ मिली. मापाऐवजी बाटलीचं झाकण वापरणाऱ्यांच्या गाड्या ओळखू येतात; धूर सांगतो.

प्रश्न विचारायची वेळ हीट सुटायच्या आधी कधीच नाही. रायडरने गॉगल चढवला की तो कोणाचा नाही. हीट संपून गाडी धुतली जात असताना मेकॅनिकशी बोलावं, नावापुढे भाऊ लावून, आणि आधी दोन मिनिटं स्टँड धरून. उघड्या इंजिनाचा फोटो विचारल्याशिवाय काढू नये. कोणी नाही म्हटलं तर कारण विचारू नये.

दुपारची मिसळ शहरात खायची हौस शनिवारी आवरावी. गंगापूर रोडला जाऊन-येऊन दीड तास जातो आणि तेवढ्यात नोव्हिसच्या, म्हणजे नवशिक्यांच्या, दोन हीट होऊन जातात. मैदानावरच्या गाड्यावरही मिसळीबरोबर पापड आणि दही मिळतं, ते नाशिक विसरत नाही.

रविवार

फायनलचा दिवस गर्दीचा, त्यामुळे आतल्या माणसासाठी सगळ्यात कमी मोकळीक. सकाळचं रायडर्स ब्रीफिंग मात्र गाठा. मागे गप्प उभं राहिलात तर चालतं. ट्रॅकमध्ये रात्री काय बदल केले ते तिथे सांगतात.

स्टार्ट गेटच्या मागची जागा मिळवायची तर तासभर आधी जाऊन तिथल्या मार्शलला विचारावं. १५ सेकंदांचा बोर्ड पूर्ण १५ सेकंद दिसतो, मग ५ चा बोर्ड दाखवतात, आणि त्यानंतर पाच ते दहा सेकंदांत कधीही गेट पडतं. हा अंदाज कोणालाच नसतो आणि तो नसावा म्हणूनच वेळ बदलती ठेवलेली असते. गेट नसेल तिथे निशाण किंवा रबराची दोरी. गाड्या सुटल्यावर गेटमागची माती बघा: कोणी पायाने चर सपाट करून ठेवला, कोणी चाकाखाली कोरडी माती पसरली. पहिल्या वळणावर पुढे कोण, याचं निम्मं उत्तर तिथे असतं.

फोटोसाठी वळणाच्या आतल्या बाजूला बसा. बाहेरची बाजू म्हणजे गाडी घसरली की जिथे येते ती, आणि उडीच्या उतारासमोर तर कधीच नाही. हवेतली गाडी गोठवायला १/१०००, चाक फिरतं दाखवायचं तर कॅमेरा गाडीबरोबर फिरवत १/१६०. लेन्स मैदानावर बदलू नका; सेन्सरवर बसलेला मुरूम महिनाभर निघत नाही. फ्लॅश बंद.

लॅप स्कोअररच्या टेबलावर जागा मिळाली असेल तर आज तिथे बसा. गाडीवर ट्रान्सपाँडर (लॅप आपोआप मोजायचं छोटं यंत्र) असतो, तरी हाताने नंबर लिहिणारी जोडी ठेवतात: एक नंबर ओरडतो, दुसरा लिहितो. ट्रान्सपाँडर पडतो, चार्ज संपतो, आणि तेव्हा हीच वही निकाल ठरवते. चिखलाने नंबर झाकला असेल तर हेल्मेट आणि जर्सीचा रंग लिहून ठेवायचा. नंबर सुटला तर ओळ मोकळी सोडायची, अंदाजाने भरायची नाही.

फायनल संपली की प्रेक्षक व्यासपीठाकडे पळतात. तुम्ही पार्क फर्मेकडे जा. पहिल्या गाड्या तिथे उभ्या राहतात आणि आक्षेपाची मुदत, साधारण अर्धा तास, संपेपर्यंत टीमलाही हात लावता येत नाही. आक्षेप आला तर इंजिनाचं हेड उघडतं. इंजिन गार होईपर्यंत थांबतात, कारण तापलेलं सिलिंडर फुगलेलं असतं आणि माप चुकतं. बोअर (सिलिंडरचा व्यास) व्हर्निअरने दोन दिशांनी घेतात, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) डेप्थ गेजने, पिस्टन अगदी वर आणि अगदी खाली आणून. आरएक्स १०० चा बोअर ५० आणि स्ट्रोक ५० मिलिमीटर, म्हणजे ९८ सीसी. बोअर ५२ निघाला तर १०६ होतात, आणि त्यावरून तो ओव्हरसाइझ पिस्टन त्या क्लासच्या मर्यादेत बसतो की नाही याचा वाद सुरू. यावेळी कोणी मोठ्याने बोलत नाही. हेड उघडणारा मेकॅनिक, स्क्रुटिनिअर आणि आक्षेप घेणाऱ्या टीमचा एक माणूस, एवढेच जवळ असतात. पत्रकाराला दोरीबाहेरून बघू देतात.

अंधार पडता पडता निशाणं मोजून परत घेतली जातात. एक जरी कमी भरलं तर तुमच्या पोस्टचे दोघेही अडकतात, म्हणून सहीसकट द्या. जॅकेट झटकून, पावती दाखवून अनामत घ्या. हे टेबल बक्षीस समारंभ चालू असतानाच उठतं, नंतर तिथे फक्त खुर्च्या गोळा करणारा मंडपवाला सापडतो. परतीला मुंबईकरांनी रात्रीचा कसारा घाट टाळून सोमवारी सकाळची पंचवटी धरावी. डंपर तोवर पुन्हा आलेले असतात. मैदान होतं तसं सपाट करून द्यायचं असतं, आणि टेबलटॉपची ती ५३ ब्रास माती उलट्या वाटेने निघते.